गजभियेदादांचा बास

गजभियेदादा कोणाच्याही घरी गेले की आधी लोखंडी कपाटाला तळहात लावायचे. घरात टेप सुरू असला तर विचारायलाच नको. घरातली बाई पाणी आणेपर्यंत दादा डोळे अर्धे मिटून पत्र्यावर पंजा टेकवून उभे. नव्या माणसाला वाटायचं, हे कपाटाची किंमत करताहेत. खरं असं होतं, की उरल्याच्या कारखान्यांच्या वस्तीत, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये उभी हयात काढून दादांचे कान अर्धे गेले होते. बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नसे. जाड आवाज ते हातानं ऐकत. "कान मिलनं घेतले, हात माह्याजवळच हाय," असं हसून सांगत.

राज्य नवं झालं आणि आमचं रायपूर एकाएकी राजधानी झालं, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी सरकारी कचेरीत कारकून. गाण्याची हौस जुनीच, त्यात एक वापरलेला कॉम्प्युटर घरात आला. मग काय, आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बुद्धविहारासाठी गाण्यांची सीडी घरीच करायची असं मी जाहीर करून टाकलं. गायला मी होतो. पेटी आणि ढोलक वाजवणारे शेजारीच होते. फक्त खालचे जाड सूर देणारी बास गिटार कोणाकडेच नव्हती, म्हणून बासशिवायच उरकू, असं मी म्हटलं. दादा भडकले.

"काहून उरकू? बिना बासचं गाणं म्हणजे बिना मिठाचं वरण. पोट भरते, जीव नाही भरत."

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून सुटून ते आपली लाल इलेक्ट्रिक गिटार घेऊन हजर झाले. तरुणपणी ते एका ऑर्केस्ट्रात वाजवत, तेव्हाची ती गिटार. तिच्यातून बास काढायचा म्हणे! मी मनातल्या मनात हसलो.

पहिले दोन दिवस हसण्यासारखंच झालं. सरळ कॉम्प्युटरला वायर जोडून गिटार रेकॉर्ड करायची आणि मग सूर एक सप्तक खाली उतरवायचा, एवढं मला येत होतं. पण जे बाहेर यायचं त्याला बास म्हणवेना. नुसती गढूळ गुरगुर. मी हात टेकले. दादांनी मात्र गिटारीची उलटतपासणीच मांडली. आधी तारा छेडायची प्लास्टिकची पट्टी फेकून दिली आणि अंगठ्याच्या मांसल भागानं वाजवायला घेतलं. गिटारीवरचं टोनचं बटण पार बंद केलं. आपल्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, जुन्या सुती लुगड्याची पट्टी फाडून ती तारांच्या बुडाशी कोंबली, म्हणजे तार वाजून लगेच गप्प होईल. एका वेळी एकच सूर, तोही जाड दोन तारांवरच. ढोलकाच्या डाव्या हाताबरोबर अंगठा पडेल असा सराव त्यांनी चार दिवस केला.

"जास्त वाजवशील त गिटार वाटन. थांबशील त बास वाटन," हे त्यांचं वाक्य मला तेव्हापासून पाठ आहे.

तरी काहीतरी अडत होतं. दादांनी कपाटाला हात लावून ऐकलं आणि म्हणाले, "सुधाकर, पेटीचा जाड आवाज कमी कर. एका खाटेवर दोघं झोपून राहिले त कोणालेच झोप नाही." मी पेटीचा खालचा आवाज कापला आणि काय सांगू, बास असा मोकळा झाला की माझ्याच अंगावर काटा आला. मे महिना होता. रेकॉर्डिंगच्या वेळी कूलर बंद, पंखा बंद. दादांच्या नाकावरून घाम गिटारीवर टपकत होता आणि हा माणूस लहान मुलासारखा खूश होता.

एका गाण्यात तिसऱ्या कडव्याला आईचा उल्लेख होता. तिथं दादांनी एक पूर्ण आवर्तन काहीच वाजवलं नाही. मी चूक समजून थांबवलं, तर म्हणाले, "चूक नाही रे. आईचं नाव आलं की आपण मंधात नाही बोलायचं."

इथवर सगळं छान होतं. पुढचं सांगताना आजही मान खाली जाते.

सीडी सफाईदार व्हावी म्हणून मी ती गावात नव्यानं उघडलेल्या एका स्टुडिओत नेली. तिथल्या माणसानं दोन मिनिटं ऐकलं आणि हसून विचारलं, "ये बास किसने बजाया भैया? डब्बा लग रहा है." तो डब्बा नव्हता. मला माहीत होतं. पण थंडगार खोली, काचेचं दार आणि चकचकीत यंत्रं पाहून मीही त्याच्याबरोबर हसलो. त्यानं बोलावलं तसा एक जण खरी बास गिटार घेऊन आला आणि अर्ध्या तासात सगळी गाणी वाजवून गेला. घरी येऊन मी दादांचा बास कॉम्प्युटरमधून पुसून टाकला. डिस्कमध्ये जागा नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तो पुन्हा कोणी ऐकू नये असं मला वाटत होतं. आणि मनाशी म्हटलं, दादांना कुठे ऐकू येतं!

बुद्धपौर्णिमेला सकाळी विहारात सीडी लागली. दादा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले आणि सरळ स्पीकरच्या मोठ्या बॉक्सला तळहात लावून उभे राहिले. तिसरं कडवं आलं. बास थांबला नाही. दादांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"चांगला हाय. कोणाचा हाय रे हा बास?"

"तुमचाच, दादा. स्टुडिओत थोडा साफ केला."

त्यांनी गाणं संपेपर्यंत हात काढला नाही. मग म्हणाले, "हव. लयच साफ केला." आणि पंगतीत वाढायला निघून गेले.

त्यानंतर ते माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत. चहा घेत, थट्टा करत. फक्त गिटार पुन्हा आणली नाही. "आता बोटं नाही चालत," म्हणायचे. आणि आमच्या कपाटाला त्यांनी कधी हात लावला नाही. एकदा जरी शिवी दिली असती तरी मी पाय धरले असते. त्यांनी ती संधी मला दिली नाही, आणि मागण्याची हिंमत मला झाली नाही.

काही वर्षांनी दादा गेले. आठवड्याभरानं मी भेटायला गेलो, तर वहिनींनी कपड्यांच्या घडीखालून ती सीडी काढली.

"त्याहिनं घरात कधी लावूच नाही देल्ली. काहून, कोण जाणे. तू लाव बरं आता."

मी लावली. दुसरं काय करणार? वहिनींनी बॉक्सवर तळहात ठेवला, अगदी दादांसारखा, बोटं पसरून.

"तिसऱ्या कडव्याले ते थांबतात म्हणे. आईचं नाव येते तवा. मले सांगून ठेवलं होतं त्याहिनं."

तिसरं कडवं आलं. वहिनींनी तळहात आणखी घट्ट टेकवला. बास वाजतच राहिला, स्वच्छ आणि परका. कडवं संपलं, चौथं सुरू झालं, तरी त्यांचा हात तिथंच होता.

"त्याहिचं थांबणं येऊन गेलं काय रे?" त्यांनी विचारलं. "मले नाही समजलं."

"हव वहिनी," मी म्हटलं. "गेलं."