मामाजींची मोजमापाची वही

आईनं आपली एक किडनी धाकट्या भावाला दिली, त्याला पाच महिने झाले होते. ऑपरेशन हैदराबादला झालं. मामी आधीच गेलेल्या, मूलबाळ नाही, म्हणून दवाखान्यातून सुटल्यावर मामाजी आदिलाबादला आमच्याच घरी, पुढच्या खोलीत राहायला आले. मी तेव्हा नागपूरच्या एका मराठी दैनिकाला जिल्ह्याच्या बातम्या पाठवत असे. आंध्र प्रदेशातली ती नव्वदीची वर्षं.

दवाखान्यानं गोळ्यांची पिशवी दिली होती, मापाच्या रेघा असलेलं प्लास्टिकचं भांडं दिलं होतं आणि एक लांब वही. प्रत्येक वेळची लघवी भांड्यात मोजायची, वहीत लिहायची, दिवसाची बेरीज करायची. बेरीज उतरली तर ताबडतोब फोन करायचा. शरीर नवी किडनी नाकारायला लागलं तर पहिली खूण कदाचित इथंच दिसेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वहीच्या शेवटच्या पानावर आईचा रक्तदाब लिहायचा होता, महिन्यातून एकदा. मामाजींनी तिला गल्लीतल्या डॉक्टरकडे न्यावं आणि आकडा लिहावा, असं ठरलं. वही त्यांच्याकडेच राहिली, कारण त्यांचं अक्षर चांगलं होतं आणि आकड्यांची त्यांना सवय होती.

ती सवय कसली, हे मला ठाऊक होतं. तरी मी काही बोललो नाही.

मामाजी महसूल खात्यात गिरदावर होते. कोणत्या शेतात कोणतं पीक किती उभं आहे याची पहाणी पटवारी लिहीत, आणि ती बांधावर जाऊन तपासणं हे गिरदावराचं काम. प्रत्यक्षात पहाणी चहाच्या हॉटेलात बसून पुरी होई. मागच्या वर्षीचे आकडे समोर ठेवायचे आणि थोडे हलवून उतरवायचे. मी शाळेत असताना मामाजी हे जेवताना हसत सांगायचे. "तोच आकडा दोनदा नाई लिहायचा," ते म्हणायचे. "साहेबाले वाटते नक्कल केली. थोडा मागं, थोडा पुढं करायचा. मंग वाटते, मानूस वावरात जाऊन आला."

पाचव्या महिन्यात मला दोन गोष्टी खटकल्या. पहिली, मामाजींची चप्पल. तिचा पट्टा पायात रुतू लागला होता आणि संध्याकाळी चप्पल काढली की पायावर खोल वळ राहत असे. विचारलं तर म्हणाले, "आक्काच्या हातचं खाऊन राह्यलो, अंग धरलं." दुसरी गोष्ट वहीतली. ते अंघोळीला गेले असताना मी वही चाळली. चाळीस दिवसांच्या बेरजा मी एकाखाली एक वाचल्या. सगळ्या चांगल्या होत्या. आणि लागोपाठच्या दोन दिवसांचा आकडा कुठंही सारखा नव्हता.

एवढ्यावर आरोप करता येत नाही. बातमीला दुसरा पुरावा लागतो, ही आमच्या धंद्याची शिकवण. आदल्या आठवड्यात मामाजी पेन्शनच्या कागदासाठी सकाळच्या बसनं उटनूरला गेले होते आणि दिवे लागता लागता परतले होते. भांडं दिवसभर न्हाणीच्या कट्ट्यावर उपडं पडलेलं मी स्वतः पाहिलं होतं. त्या दिवसाच्या रकान्यात सहा मापं होती, वेळेसकट.

तरीही मी आणखी एक खात्री करून घेतली. उपड्या भांड्याच्या काठाखाली आगपेटीची काडी अशी सरकवली की निम्म्याहून जास्त कट्ट्याबाहेर राहील. भांडं उचललं की काडी पडणार. तीन दिवस काडी जागची हलली नाही. वहीत त्या तीन दिवसांची सतरा मापं आली.

चौथ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन त्यांच्या खाटेजवळ बसलो. आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती.

"मामाजी, उटनूरले जाताना भांडं नेलं होतं?"

"काऊन?"

"त्या दिवशी सहा वेळा मोजलं असं लिहिलं आहे."

त्यांनी चष्मा पुसला. "तू माह्या मुताचा पंचनामा करून राह्यला काय?"

"भांडं तीन दिवसांत उचललेलं नाही. मी खाली काडी ठेवली होती."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग हसले. "अंदाज हाय बापा. मानसाले समजत नाई का किती झाली ते? तीस वर्सं अंदाजानं लिहिलं, सरकारचं काई बिघडलं नाई."

भाकरी थापायचा आवाज थांबला होता. आई दारात आली, हात पिठाचे.

"सरकारचं असंन तं असंन," ती म्हणाली. "हे माह्या आंगातून काढलं हाय, भाऊ."

"आक्का, तसं नाई..."

"ऊठ. भांडं घे."

त्या दिवशी आई न्हाणीच्या दाराशी पाट टाकून बसली. प्रत्येक वेळी भांडं बाहेर यायचं, ती रेघ बघायची, मी लिहायचो. मामाजींना लाज वाटत होती. "आक्का, लहानपनी धुतलं तेवढं बस नाई झालं काय," ते आतून म्हणाले. आई हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बेरीज केली. वहीतल्या नेहमीच्या आकड्याच्या निम्म्याहूनही ती कमी होती. आम्ही तासाभरात हैदराबादच्या बसमध्ये होतो.

रक्त तपासलं, सुईनं किडनीचा तुकडा काढून तपासला. शरीर किडनी नाकारत होतं. डॉक्टरांनी वही समोर घेतली आणि बोट ठेवत मागे मागे गेले.

"कम होना कब से शुरू हुआ?" त्यांनी विचारलं.

कुणालाच सांगता येईना. वहीप्रमाणे कधीच नाही. मागच्या भेटीत रक्त ठीक होतं आणि ही पानंही ठीक होती, म्हणून त्यांनी एक गोळी कमी केली होती. "हमने तो इसपे भरोसा किया," ते म्हणाले. मामाजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

तीन दिवस इंजेक्शनं दिली. लघवी हळूहळू वाढली, सूज उतरली. किडनी वाचली, पण पूर्वीइतकी राहिली नाही. किती गेली आणि किती आमच्या उशिरामुळे गेली, हे नक्की सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

सुटी होण्याच्या दिवशी त्यांनी वही परत देताना शेवटचं पान उघडलं. आईचं पान. पाच महिने, पाच आकडे. "डोनर का बीपी अच्छा है," ते म्हणाले. मी वाकून पाहिलं. एकशेवीस, एकशेबावीस, एकशेवीस, एकशेअठरा, एकशेवीस. सारखे दोन लागोपाठ कुठंही नव्हते.

"आई, दंडाले पट्टा कधी बांधला होता?"

"टाके काढले तवा. इथंच."

"गल्लीतल्या डॉक्टरकडे?"

"कोनं नेलं मले?" ती म्हणाली. मग तिनं भावाकडे पाहिलं.

डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं. पट्टा बांधला, फुगवला, पाऱ्याकडे बघत राहिले. सोडला. दुसऱ्या दंडाला बांधला. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पेन दिसत होतं. पाच आकड्यांवर त्यांनी एक आडवी रेघ मारली आणि खाली सहावा लिहिला. तो एकशेसाठच्या वर होता. परतताना गोळ्यांच्या पिशव्या दोन झाल्या होत्या.

वर्ष भरल्यावर दवाखान्यानं मामाजींचं ऑपरेशन यशस्वी म्हणून नोंदवलं. किडनी चालू, देणारी जिवंत. दवाखान्याच्या रकान्यांप्रमाणे ते खरंच आहे. मी त्या नोंदीवर विश्वास ठेवतो, पण तपासून.

हैदराबादहून परतून बसमधून उतरलो त्या दिवसापासून वही माझ्याकडे आली. भांडं मामाजी दाखवत, रेघ आई वाचत असे. आईला दर महिन्याला मी स्वतः नेत असे आणि पारा स्वतः बघत असे. काही दिवस मी काडीही ठेवत होतो. ती रोज पडलेली सापडायची. मामाजींना ते कळलं असावं, कारण एकदा त्यांनी पडलेली काडी उचलून मुकाट्यानं माझ्या वहीवर आणून ठेवली.

वही माझ्याकडे आल्याच्या दुसऱ्या महिन्यात लागोपाठ दोन दिवसांची बेरीज तंतोतंत सारखी आली. मी पुन्हा जुळवली. सारखीच. मामाजी खाटेवरून वाकून बघत होते.

"एक थोडा मागं कर," ते म्हणाले. "डॉक्टरले खोटं वाटंन."

मी दोन्ही आकडे तसेच लिहिले.