पिशवीतली हवा

माझं अक्षर लागत नाही आणि शुद्धलेखनही चुकतं. ही पानं कोणाच्या हाती पडलीच, तर तेवढं सांभाळून घ्यावं. शाळा चौथीपर्यंतच झाली.

पूर्णेजवळ सोयाबीनचं तेल काढायचा कारखाना आहे, तिथं मी झाडलोट करते. तेल काढायला पेट्रोलसारखं एक रसायन वापरतात. त्याची वाफ धुराड्यातून किती बाहेर जाते, ते मोजायला एक मॅडम आल्या होत्या. शिडीनं वर चढून त्यांनी धुराड्यातली हवा पंपानं पारदर्शक पिशवीत भरली, पिशवी ऑफिसच्या कोपऱ्यात ठेवली आणि जेवायला गेल्या.

हे सगळं मला नंतर कळलं. मला दिसली ती नुसती फुगलेली, रिकामी पिशवी. आमच्याकडं रिकामं पोतं असो की प्लास्टिक, हवा दाबून काढायची आणि घडी थप्पीला लावायची, अशी मुकादमाची शिस्त. मी नळी उघडली आणि पिशवी मांडीवर दाबली. उग्र वास नाकात घुसला, डोकं गरगरलं. तरी घडी घातलीच.

मॅडम परतल्या आणि ओरडल्याच, "माझा नमुना कुठंय?"

मुकादमानं थप्पीतली पिशवी उचलली. "बाई, ही घडी तुझीच ना?"

मी मान डोलावली.

"लय कामाची हायस तू! आता हवेला इस्त्री बी कर."

पोती शिवणाऱ्या बाया हसल्या. घरात पगार माझ्या एकटीचाच. काम गेलं तर खायचं काय?

मॅडमनी जवळ येऊन विचारलं, "मावशी, वास नाकात गेला का? चक्कर येतेय?"

मी मान हलवून नाही म्हटलं. हो म्हटलं तर दवाखान्याचा खर्चही माझ्यावरच बसेल, अशी धास्ती. त्यांनी मला बाहेर वाऱ्याला बसवलं आणि दुसरी पिशवी घेऊन पुन्हा वर चढल्या.

मुकादम म्हणाला, "दुसऱ्या मोजणीचा खर्च तुझ्या पगारातून कापणार. कबूल असंल तर उद्या ये, न्हाईतर घरी बस."

"येते," एवढंच म्हणाले.

मग दर पगाराला थोडे थोडे पैसे कापले जायचे, आणि दर वेळी एकच भीती. पैसे कापून घेईल आणि वर म्हणेल, उद्यापासून येऊ नको. धुराड्याकडं मान वर करून बघायचंही धाडस होईना.

दिवाळीआधीच्या पगाराला त्यानं पाकीट पुढं सरकवलं. "फिटले तुझे मोजणीचे पैसे."

"सगळे?"

"सगळे. जा, कामाला लाग."