आजीला वाचून दाखवा

परवा नातीने मला परळला तिच्या ऑफिसात नेलं... ‘सामान्य नागरिक’ म्हणून. मी इस्त्रीची साडी नेसले. सामान्य असले म्हणून काय झालं!

आधीच सांगते. मी बोलतेय आणि माझी नात सायली लिहितेय. मला अक्षरओळख नाही, त्यामुळे चुका तिच्या आणि अक्कल माझी.

सायलीचं काम असं की हवामान बदलतंय, उन्हाळे कडक होतायत, हे लोकांना नीट कळावं म्हणून पेपरवाल्यांना आणि सरकारी माणसांना ती कॉम्प्युटरवर साधनं बनवून देते. आपल्या वस्तीचं नाव टाकलं की नकाशा येतो, रंग येतात, तयार इशारा येतो. तो तिथूनच पेपरात जातो, मोबाईलवर जातो आणि आमच्या लालबागच्या चाळीखालच्या फळ्यावरपण.

त्या फळ्याशी माझं जुनं नातं आहे. रोज सकाळी मी खाली उतरते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारते, “काय लिहिलंय रे?” चार जणांना विचारते, कारण चौघं चार गोष्टी सांगतात.

गेल्या उन्हाळ्यात एकदा मात्र चौघांनी एकच सांगितलं. “काय नाय आजी, उकडतंय म्हणून लिहिलंय.”

आता मुंबईत उकडतंय हे काय फळ्यावर लिहायचं? माझी मैत्रीण सुलोचना, आमची सुली, चौथ्या माळ्यावर पत्र्याखाली एकटी राहते. तीपण हसली. “उद्या समुद्र खारट आहे म्हणून लिहितील,” म्हणाली आणि भर दुपारी कुरडया घालायला गच्चीवर गेली.

टाकीजवळ पडलेली सापडली. वाचली... पण सलाईन लावून हॉस्पिटलात निजलेली सुली मी बघितलीय. यंदा ऊन तापायला लागलं तशी मी तिला रोज दुपारी खाली माझ्याकडे बोलावत होते. ही बया कुणाचं ऐकत नाही, माझं तर नाहीच नाही.

तर परळचं ऑफिस. उंच काचेची बिल्डिंग, आत एसी असा की दातावर दात. उन्हाळ्याची मीटिंग आणि मला शाल मागायला लागली!

समोर भिंतीवर सायलीचा नकाशा. पेपरात लिहिणाऱ्या दोन मुली होत्या, आणि आमच्या वॉर्डातले एक साहेब. साहेबांनी बटणं दाबून इशारा तयार केला, सगळ्यांनी माना हलवल्या.

मग सायलीने मला विचारलं, “आजी, कसं वाटलं?”

म्हटलं, “रंग गोड आहेत गो. पण लिहिलंय काय?”

माझ्या नातीच्यासुद्धा तेव्हा लक्षात आलं की आपली आजी इतका वेळ नुसती चित्रं बघतेय.

साहेब भला माणूस. मोबाईल घेऊन, खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. “मी वाचून दाखवतो आजी,” म्हणाले. “उष्ण व दमट परिस्थितीमुळे असुरक्षित घटकांनी आवश्यक ती खबरदारी घ्यावी.”

मी विचारलं, “हे घटक कुठल्या माळ्यावर राहतात?”

आधी त्या पेपरातल्या मुली हसल्या, मग साहेबपण. त्यांनी मोबाईल खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून बोलायला लागले...

“आजी, म्हणजे असं बघा. उद्या दुपारी पत्र्याखाली थांबायचं नाही. खालच्या माळ्यावर कुणाकडे तरी जाऊन बसायचं. गच्चीवरची कामं सकाळीच उरकायची. पाणी पीत राहायचं. आणि डोकं गरगरलं, बोलणं अडखळायला लागलं, तर पडून राहून बरं वाटेल असं म्हणायचं नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं. माझी आई पत्र्याखालीच राहते हो. तिला रोज हेच सांगतो.”

“सर, थांबा थांबा,” एक मुलगी म्हणाली, “हेच परत बोला!” आणि तिने मोबाईल पुढे धरला.

म्हणजे माणसाला सगळं ठाऊक होतं. फक्त सांगायला समोर कुणी नव्हतं, समोर स्क्रीन होता.

सायली घरी आली ती थेट कॉम्प्युटरपाशी बसली. आता तिच्या त्या साधनात इशारा तयार झाला की तो लगेच जात नाही. आधी माझा फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘आता हे आजीला सांगा.’ माईक दाबायचा आणि तोंडाने बोलायचं. जे बोलाल तेच शब्द लोकांना जातात, आवाजासकट.

फोटो मला विचारून लावला असता तर नथ घातली असती. असो.

काल तो पहिला इशारा आला. साहेबांचा आवाज सगळ्या चाळीच्या मोबाईलवर, आणि फळ्यावरपण तेच शब्द. आज सकाळी मी नेहमीसारखं चौघांना विचारलं. चौघांनीही सांगितलं, “आजी, पत्र्याखालच्यांनी दुपारी खाली यायचंय.” एकाने तर वर बोट करून विचारलं, “सुलीआजी उतरल्या का?”

दुपारी दारात सुली. काखेत उशी. “तू बोलावलंस म्हणून नाही आले हां,” म्हणाली. “तो साहेब बिचारा एवढं आईला सांगितल्यासारखं सांगतोय, त्याचा मान ठेवला.” कुरडया सकाळीच घालून झाल्या होत्या. बयेने माझा पलंग घेतला, पंख्याला नावं ठेवली आणि झोपली.

मला आयुष्यभर लोकांनी वाचून दाखवलं. कितीतरी अनोळखी माणसं फळ्यासमोर माझ्यासाठी थांबली... त्या सगळ्यांचे आज आभार मानते. वाचून दाखवताना माणूस समोरच्याचं तोंड बघतो, आणि मग आपोआप सोपं बोलतो.

तुमच्या घरात कुणी माझ्यासारखं असेल तर हे त्यांनापण वाचून दाखवा. फक्त आवाज जरा हळू... सुली अजून घोरतेय.