लाल होईल तोच खरा

गॅरेजवाल्याला सगळे शंकासुर म्हणत, तेही तोंडावर. नवी वस्तू तपासल्याशिवाय गाडीत घालायची नाही, हा त्याचा पंचवीस वर्षांचा नेम. एकदा कोऱ्या खोक्यातून जुनं बेअरिंग निघालं होतं. तेव्हापासून हा दुधाने पोळलेला माणूस ताकच काय, पाणीही फुंकून प्यायचा. बायको म्हणायची, "लग्नाआधी मला बॅटरीला लावून बघता आलं नाही, याची यांना अजून हळहळ आहे!"

त्या हिवाळ्यात रुग्णांना इस्पितळात नेणारी एक व्हॅन त्याच्याकडे आली. सकाळच्या थंडीत स्टार्टर फिरायचा, पांढरा धूर निघायचा, पण इंजिन पेटायचं नाही. दुपारी तीच गाडी निमूट सुरू व्हायची. शंकासुराने ओळखलं, हे हीटर प्लगचं दुखणं. गार इंजिनात डिझेल पेटावं म्हणून आतली हवा तापवायची, एवढंच या चार प्लगांचं काम. त्याने प्लगांना जोडणारी वरची पट्टी सोडवली, टेस्ट लॅम्पची वायर बॅटरीच्या प्लसला अडकवली आणि टोक एकेका प्लगच्या डोक्यावर टेकवलं. तीन प्लगांवर दिवा लागलाच नाही, म्हणजे ते मेलेले. गॅरेजात हाताखाली असलेल्या मेहुण्याने नवे चार आणले. शंकासुराने सवयीप्रमाणे एकेक थेट बॅटरीला जोडला, टोक लालभडक झालेलं पाहिलं, मगच बसवला.

आठवडा झाला नाही तोच व्हॅनचा ड्रायव्हर पुन्हा दारात.

"अहो, डायलिसिसचे दोन पेशंट गाडीत कुडकुडत बसले होते. होणार का नाही हे काम, एकदाचं सांगून टाका."

फ्यूज ठणठणीत, वीज चालू-बंद करणारा रिले ठणठणीत. नवे प्लग मात्र मेलेले. शंकासुराच्या मनात पाल चुकचुकली. सुटं सामान आणायचा तो बायकोचा धाकटा भाऊ, कपाट सांभाळायचाही तोच, गेली अकरा वर्षं. आपली पाठ वळली की हा नवे काढून जुने प्लग तर घालत नसेल?

पुढचे चार आले तेव्हा त्याने प्रत्येकावर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला. बॅटरीवर लाल करून पाहिले आणि बसवले. पाच दिवसांत तेही गेले. ठिपके जिथल्या तिथे होते. दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. पण संशयाला बिऱ्हाड बदलायला कितीसा वेळ लागतो? बदलत नसेल, तर मालच खोटा आणत असेल!

"बोल, हा डुप्लिकेट माल कुठून उचलतोस?"

मेहुण्याने प्लग हातात घेतला. ठिपक्याचा रंग त्याने बहिणीच्या नखांवर पाहिला होता.

"भाऊजी, तुम्ही माझ्यावर पाळत ठेवलीत?"

त्याने हात पुसले आणि तो निघून गेला. संध्याकाळी बायकोने ताट वाढलं आणि नेलपॉलिशची बाटली त्याच्या ताटाशेजारी आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी शंकासुर स्वतःच मेहुण्याच्या नेहमीच्या सामानाच्या दुकानात थडकला. चोर मुद्देमालासकट धरायचा, या तयारीने. दुकानदाराने चष्मा लावला आणि प्लगवरचा बारीक आकडा दाखवला.

"पाच व्होल्ट. हा बॅटरीला लावून बघितलात का?"

"मग न बघताच बसवू?"

"अहो, बॅटरी बाराची! जुन्या पद्धतीचे प्लग ते सोसायचे. याला गाडीतला कंट्रोलर मोजूनमापून करंट देतो. तुम्ही लाल केलात तेव्हाच आतली तार अर्धी जळाली. चार दिवस तग धरला हेच नशीब."

शंकासुराचे कान तापले. माल अस्सल होता, मेहुणा अस्सल होता. प्लग मारत होता तो स्वतःच. त्याने नवे चार घेतले आणि न तपासता बसवले. हात सारखे बॅटरीकडे वळत होते, ते त्याने आवरले. सकाळी कडाक्याच्या थंडीत व्हॅन पहिल्याच चावीला सुरू झाली. ड्रायव्हर खूश झाला, याला मात्र लाज आवरेना. तो तडक मेहुण्याच्या घरी गेला आणि काहीही न झाकता सगळं सांगून मोकळा झाला.

"चूक माझी. तुला चोर ठरवलं मी. कामाला चल."

"दुकानदाराने सांगितलं आणि तुम्ही न तपासता बसवलेत?"

"हो."

"त्याला आधी कधी भेटला होतात?"

"नाही. कालच पहिल्यांदा."

मेहुण्याने दार पूर्ण उघडलं.

"आत या, भाऊजी. चहा घेऊन जा. त्याच्यावर एका दिवसात विश्वास बसला, माझ्यावर अकरा वर्षांत नाही. कामाला मात्र मी येणार नाही."