लाल दोऱ्याची माशी

माझा धाकटा भाऊ कुलूला नोकरी करतो. तिथल्या थंड नदीतला ट्राउट मासा पिसांच्या खोट्या माशीने धरायची त्याला भारी हौस. विकतच्या माश्या त्याच्या मनास येईनात, म्हणून मी इथे इब्रामपूरला, सासरी, फोनवर बघून बघून त्या बांधायला शिकले. रानातल्या पाखरांना हात लावायचा नाही, हे त्याने आधीच बजावलं होतं. कारापूरला एकाने बटेर आणि गिनी कोंबड्या पाळल्यात. त्यांची गळलेली पिसं मी पिशवी भरून आणते. बारीक गळाला पीस धरायचं, वर लाल दोरा घट्ट गुंडाळायचा.

सासूबाई दुपारी निजल्या की मी हे करायचे. त्यामुळे नवऱ्याशिवाय घरात कोणाला ते ठाऊक नव्हतं.

एका सकाळी बाजारातून आले तर सासूबाई आणि मोठी जाऊ बसलेल्या. पुढ्यात केळीच्या पानावर माझी एक माशी. उंबऱ्याशी सापडली म्हणे. सासूबाईंचा ताप तेव्हा काही केल्या उतरत नव्हता.

"पीस, लाल दोरा, वर काटा," जाऊ हळूच म्हणाली. "करणीच ती. काल शेजारीण येऊन गेली ना गो?"

ती बिचारी सासूबाईंसाठी रोज पेज घेऊन यायची.

"तिला परत उंबरा ओलांडू देऊ नका," सासूबाई म्हणाल्या. "आणि उद्या देवळात कौल लावा."

मी पुढे झाले. "आई, ती माशी माझी आहे."

आता सगळं माझ्यावर येणार असं वाटलं. मी आतून डबा आणला आणि त्यांच्यासमोर बसून एक माशी बांधायला घेतली. घाईत दोरा तुटला. पुन्हा बांधली. मग भावाने पाठवलेला फोटो दाखवला: ओल्या हातात ठिपक्यांचा मासा, त्याच्या जबड्यात तसलीच माशी.

सासूबाईंनी चष्मा लावून फोटो निरखला. "एवढा मोठा मासा, आणि कोंबडीच्या पिसाला फसला?" मग म्हणाल्या, "मी तरी काय केलं म्हणा."

जाऊ तोंडाला पदर लावून हसली.

दुपारी शेजारीण आली. सासूबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं, सगळी पेज संपवली आणि सकाळचं अवाक्षरही काढलं नाही.