न्हाणीचं माप

नंदिगड्ड्याच्या केशरला रडताना कुणी पाहिलं नाही. नवरा म्हादू शेतात पडला, उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, तेव्हाही नाही. बाया म्हणाल्या, काळीज दगडाचं हाय तिचं. बायांचं काय जातंय बोलायला! तिला रडूच येत नव्हतं. हसूही येत नव्हतं. सकाळी उठायचं, त्याला उचलायचं, परसात न्यायचं, एवढंच तिला कळत होतं.

न्हाणी परसात, कुडाच्या आडोशाची. संडास त्याच्याही पलीकडं, चार पायऱ्या उतरून. साठीच्या माणसाला बायकोनं पाठीवर टाकून न्यायचं आणि वाटेत शेजारपाजारानं तोंडात बोट घालून बघायचं. म्हादूनं त्यावर आपला उपाय काढला. जेवणच तोडलं. पोटात गेलं नाही तर परसात जायलाच नको! तीन महिन्यांत माणूस निम्मा झाला. डॉक्टर म्हणाले, औषध राहू दे, आधी खायला घाला, नाहीतर हा हातचा जाईल. घालणार कसं? तो तोंडच उघडीना.

म्हणून न्हाणी घराला लागून बांधायची ठरली. दार घरातून, पाय सोडून बसायचा संडास, धरायला दांडे, आणि चाकाची खुर्ची सरळ आत गेली पाहिजे. मुलगा सुदेश गोव्याला हॉटेलात कामाला. त्याचे चाळीस हजार आणि केशरनं भात विकून ठेवलेले बावीस. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, तर अंथरूण हे एवढं.

रामनगरच्या दुकानात दुकानदार आधी गिझर दाखवायला लागला.

"पानी तापवायला लाकडं हायत की," केशर म्हणाली.

फरशी छतापर्यंत? कंबरेपर्यंत बास. मधल्या फरशीवर मोर होता, त्याचे पैसे निराळे.

"न्हाताना मोर कुनाला बघायचाय?"

दुकानदार खो खो हसला. ती हसली नाही. दांडे मात्र दोनाचे तीन घेतले, चांगल्यातले, भाव न करता. सिमेंट, टेम्पोभाडं, गवंड्याची मजुरी धरून साठ हजार आठशेवर गेलं. सुदेशनं फोनवर ऐकलं आणि म्हणाला, "आये, बसतंय गे!"

नागू गवंडी आला त्या दिवशी सुदेशही रजा काढून आला. आता केशरच्या वाडीत घराला काही जोडायचं तर दाराचं माप घरधन्याच्या उजव्या हातानं घेतात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. असे दोन हात म्हणजे दाराची रुंदी. टेप नागूच्या खिशातच होती, पण ती बाकीच्या भिंतींना. दाराला हात, म्हणजे हातच.

नागू चाचरला. "वैनी, दादाचा हात तर..."

म्हादू खाटेवर टेकून बसला होता. हात छातीशी आखडलेला, मूठ उघडत नव्हती.

"सुदेशचा घ्या," केशर म्हणाली.

मुलाचा हात बाप गेल्यावर घेतात. हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच! पण त्या घडीला सुचलंच नाही, डोकं बधिर. सुदेशनं भिंतीला हात लावला, नागूनं कोळशानं खूण केली, आणि खाटेवरून घरघरत आवाज आला.

"मी... हाय... अजून."

तीन महिन्यांत पहिल्यांदा बोलला तो. नागूच्या हातातला कोळसा पडला. सुदेश "बाबा, तसं न्हाई वो, तसं न्हाई," म्हणत राहिला. केशरनं खूण पदरानं पुसली. म्हादूला बगलेत धरून भिंतीशी आणलं आणि त्याचा हात टेकवला, कोपरापासून मुठीपर्यंत.

"वैनी, माप आखूड येतंय," नागू हळूच म्हणाला. "खुर्ची जायची न्हाई दारातनं."

"आये, येवडा पैसा घालून? खुळी झालीस काय!" सुदेश ओरडला.

"त्यांचा हात येवडाच हाय," केशर म्हणाली. "कर खूण."

दार तेवढंच झालं. खुर्ची उंबऱ्याशी अडते. तिथून केशर त्याला काखेत धरते, तो डाव्या हातानं दांडा पकडतो, आणि दोघं तिरकी होऊन आत शिरतात. गाव म्हणतं, हे हात दाखवून अवलक्षण! साठ हजार गेले आणि खुर्ची बाहेर! म्हणू दे. गावाला कुठं आत जायचंय!

पहिल्या दिवशी तिथून बाहेर आल्यावर म्हादूनं पेज मागितली. सगळी प्याला. मग वाटी पुढं केली.

"अजून," म्हणाला.

इतके दिवस याच एका शब्दासाठी ती गावदेवाला नारळ बोलली होती. आता आनंद व्हायला हवा, एवढं तिला कळत होतं. झाला नाही. तिनं वाटी घेतली आणि काठोकाठ भरली.