एक पाय गडद, एक फिका

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात माझ्या थोरल्या भावाचा जीन्स शिवायचा छोटा कारखाना आहे. कापडाच्या प्रत्येक ताक्याचा निळा थोडा वेगळा असतो आणि तो धुलाईनंतरच कळतो. म्हणून एका पँटचे सगळे तुकडे एकाच ताक्यातले लागतात. खरवईहून येणारी चेकिंगवाली ताई प्रत्येक ताक्यातून कापलेल्या तुकड्यांच्या गठ्ठ्यांना वेगळ्या रंगाचा दोरा बांधायची. मला त्या दोऱ्यांची चीड यायची. मी इंजिनियर, आणि घरचा धंदा चालतो दोऱ्यावर!

"बाजारात तयार ॲप मिळतं, ते घे," दादा म्हणाला. "नाहीतर दोरा आहेच की."

"दुसऱ्याचं उष्टं मी वापरणार नाही," मी म्हणालो. पाच महिने डोळे फोडून मी स्वतःचं ॲप लिहिलं. गठ्ठ्याला स्टिकर लावायचा, तो स्कॅन केला की मोबाइलवर ताक्याचा नंबर दिसणार.

"आणि स्टिकर पडला तर?" ताईने विचारलं.

मी तिच्यावर खेकसलो आणि तिची दोऱ्याची रिळं सगळ्यांदेखत कचऱ्यात टाकली.

जीन्सच्या कापडावर स्टिकर टिकत नाही. धुलाईहून माल परत आला, तेव्हा पँटींचा एक पाय गडद आणि एक फिका होता. मी गोंदाला शिव्या घातल्या, कापडाला घातल्या, ताईलाही सोडलं नाही.

दादाने त्यातली एक पँट उचलून माझ्या अंगावर फेकली.

"घाल," तो म्हणाला. "कुणाची उष्टी नाही. तुझीच आहे."